जमिनीचे जुने कागद, संगणक आणि आपण
(हिंगोली जिल्ह्यातील वाचकांसाठी एक अभ्यासपाठ)

जमिनीचा हक्क दोन ठिकाणी राहतो. एक शेतात आणि दुसरा दप्तरात. शेतातला हक्क माणूस घाम गाळून टिकवतो. परंतु दप्तरातला हक्क टिकवायचा तर कागद टिकला पाहिजे, तो सापडला पाहिजे आणि तो वाचता आला पाहिजे. आपल्या वाडवडिलांनी शेतात कमी कष्ट केले नाहीत. मात्र दप्तराशी आपला संबंध फार उशिरा आला. पटवाऱ्याच्या बस्त्यात काय लिहिले आहे हे विचारण्याची सोय ज्यांना नव्हती, त्यांच्या नातवंडांना आज तेच बस्ते उघडून पाहण्याची संधी मिळत आहे. शासनाने जुने भूमि अभिलेख संगणकात उतरवण्याचे काम हाती घेतले आहे. ही संधी कशी वापरावी, तिच्या मर्यादा कोणत्या आणि आपण काय तयारी करावी, एवढ्याच प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

१. आपल्या जिल्ह्याचे दप्तर वेगळे का आहे?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्य बदलले तसा जमिनीचा कायदाही बदलत गेला. निजामाच्या काळात १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून ती अंमलात आली.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, पुणे-साताऱ्याकडील माणूस जुना कागद शोधतो तो मुंबई इलाख्याच्या पद्धतीचा आणि बहुधा मोडी लिपीतला. आपल्याकडील जुना सरकारी कागद बहुतांशी उर्दूत असतो, सन फसली असतो आणि शब्द हैदराबादी असतात. मोडी आपल्याकडेही सापडते, विशेषतः वतनदारांच्या खाजगी कागदांत. म्हणून पश्चिम महाराष्ट्रासाठी लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक घेऊन आपण वसमतच्या अभिलेख कक्षात गेलो तर अर्धे शब्द जुळत नाहीत.

दुसरी गोष्ट. सेनगाव आणि औंढा नागनाथ हे तालुके पुढे निर्माण झाले. तेथील गावांचे जुने कागद ती गावे पूर्वी ज्या तालुक्यात होती त्या तालुक्याच्या दप्तरात, किंवा परभणीच्या जिल्हा अभिलेख कक्षात असू शकतात. "तुमच्या गावाचे रेकॉर्ड इथे नाही" असे उत्तर मिळाले म्हणजे रेकॉर्डच नाही, असे समजून परत फिरू नये. गाव १९५५ साली कोणत्या तालुक्यात होते, हा पहिला प्रश्न विचारावा.

२. कोणत्या कागदात काय सापडते?

सेतवार : मोजणीनंतर गावातील प्रत्येक सर्वे नंबर, त्याचे क्षेत्र, आकार व पट्टेदाराचे नाव ज्यात लिहिले गेले तो मूळ कागद. गावाची जमीन कोणत्या नंबरांत वाटलेली होती आणि सरकारी, गायरान वा परमपोक म्हणून काय ठेवले होते, हे यावरून समजते.

खासरा पाहणी पत्रक, सन १९५४-५५ : मराठवाड्यातील शोधाचा हा पाया आहे. पट्टा कोणाच्या नावे आणि प्रत्यक्ष ताबा कोणाचा, या दोन्ही गोष्टी त्यात पाहावयास मिळतात. पट्टेदार, शिकमीदार (पट्ट्यात नाव नसलेला हिस्सेदार), कौलदार, कब्जेदार हे शब्द त्यात येतात. ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्याची जमीन कुळाने केली त्यांनी हे पत्रक अवश्य काढावे. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० सालचा आहे. त्याखालील संरक्षित कुळांच्या नोंदीही याच्या जोडीला पाहाव्यात.

इनामाचे कागद : गावकीच्या चाकरीपोटी मिळालेल्या जमिनी इनाम म्हणून दाखल असत. हैदराबाद राज्यात इनामे व रोख अनुदाने नष्ट करण्याचा कायदा १९५४ साली झाला. त्यानंतर इनाम जमीन कोणाच्या नावे कायम झाली, हे तेव्हाच्या फेरफारांत दिसते. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी वतनाच्या जोखडाविरुद्ध १९२८ साली विधिमंडळात विधेयक आणले, हे आपण वाचलेले असते. परंतु आपल्याच गावच्या इनामाचा सर्वे नंबर कोणता होता आणि तो आज कोणाकडे आहे, हे सांगणारे किती निघतील?

फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६ : खरेदी, वारसा, वाटणी, बक्षीस, कूळ कमी होणे, असा प्रत्येक बदल येथे क्रमांकाने नोंदला जातो. सात-बारावर नावाशेजारी जे आकडे दिसतात ते याच नोंदींचे क्रमांक होत. त्या आकड्यांची पायरी धरून मागे मागे गेले की मूळ नावापर्यंत पोचता येते.

गाव नमुना १ आणि त्याचे भाग : नमुना १ म्हणजे आकारबंद. १-ब मध्ये सरकारी जमिनी असतात. १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. भूमिहीनांच्या दृष्टीने तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे पुस्तक नाही. त्याचे कारण पुढे येईल.

एकत्रीकरण योजनेचे उतारे : जुने सर्वे नंबर मोडून गट नंबर झाले तेव्हाचा हिशेब यात असतो. आजचा गट नंबर आणि १९५४-५५ चा सर्वे नंबर यांची सांगड याच कागदाने बसते. हा उतारा हाती नसेल तर जुने पत्रक मिळूनही ते आपल्याच जमिनीचे आहे हे सिद्ध करता येत नाही.

३. फसली सन कसा वाचावा?

हैदराबाद राज्याचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीस चालू होई. त्यामुळे एका फसली वर्षात दोन इंग्रजी वर्षांचा भाग येतो. हिशेब सोपा आहे. फसली सनात ५९० मिळवले की सुरुवातीचे इंग्रजी वर्ष येते आणि ५९१ मिळवले की शेवटचे. उदाहरणार्थ, १३४५ फसली म्हणजे १९३५-३६ आणि १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. कागदावर नुसते "सन ५८" असे लिहिलेले असेल तर घाई करू नये. ते १३५८ फसली आहे की १९५८ इंग्रजी, हे आजूबाजूच्या नोंदी पाहून ठरवावे. दहा वर्षांचा हा फरक एखाद्या दाव्यात निर्णायक ठरू शकतो.

नेहमी येणारे आणखी काही शब्द : तरी म्हणजे पाण्याखालची जमीन, खुश्की म्हणजे कोरडवाहू, वसूल बाकी म्हणजे महसुलाची जमा व थकबाकी, खारीज खाता म्हणजे खात्यातून कमी केलेली जमीन. हे आठ-दहा शब्द आणि उर्दू अंक एवढे शिकले तरी कागदाचे अर्धे कुलूप उघडते.

४. कागद संगणकात जातो म्हणजे नेमके काय होते?

येथे तीन वेगवेगळी कामे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिले काम चालू सात-बाराचे. हस्तलिखित सात-बारा टंकित करून संगणकात भरला गेला. केंद्र शासनाचा भूमि अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ साली सुरू झाला आणि २०१६ पासून तो डिजिटल इंडियाच्या नावाने चालतो. महाराष्ट्रात ई-फेरफार प्रणाली आली. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन घेऊन संगणकातील सात-बारा व हस्तलिखित सात-बारा यांतील फरक दुरुस्त करण्याची मोहीम झाली. आज महाभूलेख संकेतस्थळावर सात-बारा नुसता पाहण्यास पैसे पडत नाहीत, आणि डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा १५ रुपयांत मिळतो.

दुसरे काम जुन्या कागदांचे. यात टंकन होत नाही, तर पानाचे जसेच्या तसे छायाचित्र घेतले जाते. यालाच स्कॅनिंग म्हणतात. तहसील व भूमि अभिलेख कार्यालयांतील जुन्या कागदांसाठी ई-अभिलेख प्रकल्प आहे आणि नागरिकांसाठी "आपले अभिलेख" हे संकेतस्थळ आहे. आरंभी अकोला, अमरावती, धुळे, मुंबई उपनगर, नाशिक, पालघर आणि ठाणे या सात जिल्ह्यांचे अभिलेख त्यावर पाहता येऊ लागले. संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडून शोध घ्यावयाचा असतो. आपल्या गावाचा हवा तो कागद तेथे आढळला नाही तर अभिलेख कक्षाचा रस्ता बंद झालेला नाही, हे ध्यानात ठेवावे.

तिसरे काम नकाशांचे. टिपण, गुणाकार बुक, फाळणी आणि गाव नकाशा हे भूमि अभिलेख विभागाचे कागद असून त्यांचे संगणकीकरण स्वतंत्रपणे चालते.

हा सारा खटाटोप कशासाठी? २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य नस्त्या जळाल्या. राज्याच्या मुख्य इमारतीत जर हे होते, तर तालुक्याच्या गळक्या खोलीतील बस्त्यांचे काय? वाळवी, कसर, ओल आणि वारंवार हाताळणी यांनी कागद रोज थोडा थोडा मरत असतो. एकदा चांगले छायाचित्र निघाले आणि त्याच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या, की मूळ कागदाला विश्रांती मिळते. पानच फाडून नेण्याचा किंवा मागाहून नाव घुसडण्याचा जुना धंदाही अवघड होतो.

मात्र छायाचित्र काढल्याने काम संपत नाही. त्या छायाचित्राला गाव, वर्ष, सर्वे नंबर आणि कागदाचा प्रकार यांची चिठ्ठी जोडावी लागते. तिला सूची म्हणतात. सूची चुकली तर कागद संगणकात असूनही हरवतो. खुर्द आणि बुद्रुक यांची अदलाबदल झाली, १३५८ च्या जागी १३८५ पडले, किंवा उर्दू न वाचता आल्यामुळे पाहणी पत्रकावर "इतर कागदपत्रे" असा शिक्का बसला, तर शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. पूर्वी कागद बस्त्यात गाडला जाई. सूची सदोष राहिली तर तो संगणकात गाडला जाईल.

कागद वाचणारी माणसे बसवली की काय होते, हे मराठवाड्याने अलीकडेच पाहिले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील महसुली व शैक्षणिक दप्तरे उघडली गेली. उर्दू व मोडी जाणणाऱ्यांना शोधून आणावे लागले आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. त्या प्रश्नावरील मतमतांतरे बाजूला ठेवली तरी एक बोध सर्वांनाच घेण्यासारखा आहे. वर्षानुवर्षे जे दप्तर कोणी उघडत नव्हते ते मागणी झाल्यावर उघडले गेले. जो मागतो त्याच्यासाठी दप्तर बोलते.

५. गायरान आणि जुन्या तारखेचे मोल

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ज्यांच्या नावे सात-बारा आहे त्यांना संगणकीकरणाचा लाभ आपोआप मिळतो. ज्यांच्या नावे काहीच नाही त्यांचे काय?

मराठवाड्यातील भूमिहीनांचा जमिनीसाठीचा लढा जुना आहे. १९५३ साली येथे पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झाला. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि १९६४-६५ साली मोठे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. त्या रेट्यातून गावोगाव भूमिहीनांनी गायरान कसावयास घेतले. महाराष्ट्र शासनाच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. त्यासाठी १४ एप्रिल १९९० ही सीमारेषा होती.

या ठिकाणी सारा प्रश्न तारखेचा होतो. समजा, कळमनुरी तालुक्यातील एका कुटुंबाने १९८३ पासून गायरानातील दोन एकर कसले आहे. सारे गाव ते जाणते. परंतु गावाची तोंडी साक्ष दप्तराला पुरत नाही. १९८३ ते १९९० या काळातील १-ई ची नोंद, दंडाची पावती, अतिक्रमण काढण्याची नोटीस, पंचनामा किंवा पाहणीतील पिकाचा उल्लेख, यांपैकी काहीतरी लागते. ज्या दंडाच्या पावतीने तेव्हा घरात रडारड झाली, तीच पावती आज कुटुंबाचा आधार ठरते. ती फेकून दिली असेल तर तहसीलच्या दप्तरातील तिची स्थळप्रत हाच उरलेला मार्ग असतो.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. त्याच निकालात अपवादही सांगितले आहेत. शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेले पट्टे त्या अपवादांत येतात. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर गायरानांचा प्रश्न आला तेव्हा गावोगाव नोटिसा निघाल्या आणि कागद शोधण्यासाठी लोकांची एकच धावपळ झाली. नोटीस आल्यावर शोध सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे होय.

येथे आणखी एक कटू सत्य सांगणे भाग आहे. संगणक जे लिहिले आहे तेच जतन करतो. जे पटवाऱ्याने लिहिलेच नाही ते कितीही उत्तम यंत्र आणले तरी उमटणार नाही. ताबा असून नाव लावले नाही, कूळ असून नोंद केली नाही, इतर अधिकाराच्या रकान्यातील शेरा नव्या उताऱ्यात उतरला नाही, अशा उणिवा छायाचित्राबरोबर जशाच्या तशा पुढे जातात, आणि संगणकाचा कागद म्हणून त्यांना अधिकच वजन येते. शेजारच्या कर्नाटकात भूमी प्रकल्पाखाली सारे उतारे संगणकात गेले आणि हस्तलिखित उताऱ्यांचे चलन संपले. लोकांची पटवाऱ्याच्या दारातील ताटकळ कमी झाली, ही मोठी सोय झाली. परंतु ज्याची नोंद आधीच चुकली वा राहिली होती, त्याला ती दुरुस्त करून घेण्याचे श्रम चुकले नाहीत. अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी असे आपल्या संहितेचे कलम १५७ सांगते. म्हणजे चुकीची नोंद खोडून काढण्याचे ओझे ज्याचे नुकसान झाले त्याच्याच डोक्यावर येते.

६. आपण काय करावे?

(१) प्रत्येक कुटुंबाने आपला एक तक्ता तयार करावा. आजोबांचे पूर्ण नाव, गाव, १९५५ चा तालुका, जुना सर्वे नंबर, आजचा गट नंबर आणि हाती असलेले कागद एवढे त्यात असावे.

(२) नमुना ८-अ, सात-बारा आणि त्यावरील प्रत्येक फेरफार काढून क्रमाने लावावा. त्यात नाव, क्षेत्र वा शेरा चुकला असेल तर लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वारसाची नोंद राहिली असेल तर ती प्रथम करून घ्यावी. त्यासाठी ई-हक्क प्रणालीतूनही अर्ज देता येतो.

(३) जुन्या कागदाच्या नकलेसाठी अभिलेख कक्षात लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. नकाशे व भूमि अभिलेख पाहण्याचा आणि त्यांच्या प्रमाणित नकला घेण्याचा हक्क संहितेच्या कलम ३२७ ने जनतेस दिला आहे. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. "कागद उपलब्ध नाही" असे उत्तर आले तर तेही लेखीच घ्यावे.

(४) अभिलेखांचे वर्ग समजून घ्यावेत. अ वर्ग कायम ठेवला जातो, ब वर्ग ३० वर्षे, क वर्ग १० वर्षे, क-१ वर्ग ५ वर्षे आणि ड वर्ग १ वर्ष. दंड, नोटीस, पंचनामा यांसारख्या कमी मुदतीच्या वर्गातील कागदांची नक्कल वेळीच घेतली नाही, तर तो कागद नियमानुसारच नष्ट झालेला असू शकतो.

(५) घरचे कागद प्लास्टिकमध्ये चिकटवून लॅमिनेट करू नयेत. असा कागद पुन्हा मोकळा करता येत नाही आणि शिक्का-सही तपासणे अवघड होते. घडी उलगडून, कोरड्या जागी, जाड कागदाच्या पाकिटात ठेवावेत. भरपूर उजेडात सरळ वरून छायाचित्र घ्यावे, पाठकोरी बाजूही घ्यावी, आणि ते निदान दोन ठिकाणी ठेवावे.

(६) प्रत्येक तालुक्यातून दोन-चार तरुण-तरुणींनी उर्दू वाचन आणि मोडी लिपी शिकावी. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग चालवले जातात. उर्दूसाठी तर लांब जावयास नको. आपल्याच गावातील मुस्लिम शेजारी आणि उर्दू शाळेचे गुरुजी आहेत. हे शिक्षण काही महिन्यांचे आहे, पण त्याचा उपयोग साऱ्या तालुक्याला होईल. ते नोकरीच्या दृष्टीनेही वाया जाणारे नाही.

(७) समाजमंदिरात महिन्यातून एक दिवस कागद-वाचनाचा ठेवावा. त्या दिवशी भाषणे नकोत. ज्याने त्याने आपला कागद आणावा, जाणत्याने तो वाचून दाखवावा आणि पुढे कोठे अर्ज करावयाचा ते लिहून द्यावे. स्त्रियांची नावे वारसात लागली आहेत की नाहीत, हे त्या दिवशी आवर्जून पाहावे. बहिणीचे, विधवा सुनेचे नाव गाळलेला फेरफार हा आपल्या घरातही सापडतो, हे नाकारून चालणार नाही.

जुने अभिलेख खुले होणे ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. दप्तर पूर्वी एका माणसाच्या बगलेत होते. आता ते साऱ्यांसमोर येऊ लागले आहे. परंतु दार उघडले म्हणून आतील वस्तू आपोआप हाती येत नाही. त्यासाठी आत जावे लागते आणि काय शोधावयाचे ते ठाऊक असावे लागते. ज्या वृद्धांना जुना बांध, जुना सर्वे नंबर आणि जुन्या पटवाऱ्याचे नाव आठवते ते दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्या हयातीतच त्यांना सोबत बसवून कागद लावून घ्यावेत. पुढील वर्षाची वाट पाहू नये.